लघुग्रहाला घाबरावं कसं

13 एप्रिल 2029 जवळ येत चाललाय आणि तुम्ही अजून धड घाबरलेलेही नाही. त्या दिवशी अपोफिस नावाचा लघुग्रह पृथ्वीजवळून जाणार आहे. तयारीला लागा.

सगळ्यात आधी 'संभाव्य धोकादायक' यातला 'संभाव्य' तोंडातल्या तोंडात म्हणायची सवय करा. ज्याची कक्षा पृथ्वीच्या कक्षेपासून 75 लाख किलोमीटरच्या आत येते आणि जो साधारण 140 मीटरहून मोठा आहे, असा कुठलाही दगड या यादीत बसतो, हे बोलू नका. 75 लाख म्हणजे चंद्राच्या वीसेक पट लांब. नाक्यावर रिक्षा वळली की पाहुणे आले म्हणून कुकर चढवण्यातला प्रकार.

अपोफिस मात्र खरंच दारावरून जाणार आहे, सुमारे 32,000 किलोमीटरवरून. आपल्या टीव्हीचे उपग्रह 36,000 वर असतात, म्हणजे हा त्यांच्याही खालून. हे वाक्य जपून ठेवा. 2021 साली रडारने पाहिल्यावर नासाने 'निदान शंभर वर्षं तरी टक्कर नाही' असं जाहीर केलं, ते वाक्य कापा.

आकार सांगताना आयफेल टॉवरच वापरा. कळसूबाईच्या पाचव्या हिश्श्याएवढा म्हणालात तर ट्रेकवाली मंडळी डबे भरून तयार होतील.

आता टक्केवारी. ही फार कामाची. डिसेंबर 2004 मध्ये याच अपोफिसच्या टकरीची शक्यता वाढत वाढत 2.7 टक्क्यांवर गेली होती. वाढते कशी? घरात किल्ली सापडत नाही. दहा जागा आहेत, तर ती फडताळात असण्याची शक्यता दहा टक्के. पाच जागा धुंडाळून झाल्या की तीच वीस टक्के. किल्ली काही फडताळाकडे सरकलेली नसते. मग कुणीतरी फडताळ उघडतं आणि शून्य. 2004 साली मार्च महिन्यातल्या जुन्या छायाचित्रांत हा दगड सापडला, कक्षा पक्की झाली आणि 27 डिसेंबरला 2029 ची टक्कर रद्द. तुम्ही फडताळ उघडण्याआधीच फॉरवर्ड करायला हवं.

मुंबईकरांना याचा सराव आहे. फेब्रुवारी 2025 मध्ये '2024 वायआर4' नावाच्या छोट्या लघुग्रहाची शक्यता 3.1 टक्क्यांवर गेली. तारीख 22 डिसेंबर 2032, आणि तो पडू शकेल अशा पट्ट्यातल्या शहरांत मुंबईचं नाव. आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर सकाळी सातला तो आकडा आला, पुढे तीन लाल भोंगे. आमच्या पुनर्विकासाचा ताबाही 2032 लाच मिळायचाय, त्यामुळे बिल्डरला आणखी एक सबब मिळाली एवढंच सगळ्यांच्या मनात आलं. आठवड्याभरात आकडा शून्याला टेकला. तो ग्रुपवर कुणी टाकला नाही. (मीही नाही. भोंग्यांपुढे शून्य टाकायचं म्हणजे लग्नघरात जाऊन पत्रिका जुळत नाही म्हणून सांगण्यासारखं.)

कक्षेबद्दल कुणी खोलात शिरलं तर चहा विचारा. सूर्याभोवती एका फेरीला अपोफिसला सध्या साधारण 324 दिवस लागतात. पृथ्वीजवळून गेल्यावर वर्षाहून जास्त लागतील. म्हणजे या भेटीत वाट बदलणार ती त्याची, तीही आपल्या ओढीने. बिचारा म्हणून कुणाला त्याची दया आली, तर सगळी मेहनत पाण्यात.

शेवटी मुहूर्त. तिकडचे लोक 13 तारीख आणि शुक्रवार एवढ्यावर खूश आहेत. तुम्ही पंचांग काढा. त्या रात्री अमावास्या आहे! अपोफिस सगळ्यात जवळ येतो ते आपल्याकडे पहाटे सव्वातीनच्या सुमारास, म्हणजे तारीख उलटून 14 एप्रिल लागलेली. मध्यरात्री बाबासाहेबांना अभिवादन करून माणसं घरी परतत असतील, चहाच्या टपऱ्या चालू असतील, निम्मा महाराष्ट्र जागा. एवढा प्रेक्षकवर्ग कुठल्या आपत्तीला मिळतो? अमावास्येचा मुद्दा आमच्या ग्रुपवर अजून आलेला नाही. पहिला मान तुमचा. भोंगे तीनच टाका.