जर्सीत घर, न्यूयॉर्कला नोकरी: टॅक्स दोनदा बसत नाही

टॅक्सचा हंगाम आला की न्यू जर्सीतल्या मराठी ग्रुपवर एक मेसेज फिरायला लागतो. त्याचं म्हणणं असं: जर्सीत राहून न्यूयॉर्कला नोकरी केली की एकाच पगारावर दोन्ही राज्यांना पूर्ण टॅक्स जातो, पगारातून न्यूयॉर्कचा टॅक्स कापला गेला असेल तर जर्सीचा रिटर्न भरायची गरज नाही, आणि घरून काम केलेले दिवस न्यूयॉर्कच्या हिशेबातून वगळा. यातलं काहीच धड नाही. नव्याने आलेली मुलं यावर विसंबतात आणि पुढे व्याज-दंडासकट पैसे भरतात, म्हणून सविस्तर लिहितो आहे.

आधी दुहेरी टॅक्सची भीती. न्यूयॉर्क तिथल्या कमाईवर अनिवासी म्हणून टॅक्स घेतं, त्यासाठी आयटी-२०३ फॉर्म. जर्सी रहिवासी म्हणून तुमचं सगळं उत्पन्न धरते, पण त्याच पगारावर न्यूयॉर्कला भरलेल्या टॅक्सचं क्रेडिट, म्हणजे जर्सीच्या टॅक्समधून वजावट, देते. त्याला मर्यादा आहे: न्यूयॉर्कचा टॅक्स किंवा त्या पगारावर बसणारा जर्सीचा टॅक्स, यातली कमी असेल ती रक्कम. समजा न्यूयॉर्कचा टॅक्स ६,००० डॉलर आणि जर्सीचा ४,५०० डॉलर झाला, तर त्या पगारावर जर्सीला काही द्यायचं उरत नाही. वरचे १,५०० मात्र परत मिळत नाहीत.

खरा घोळ होतो तो डब्ल्यू-टूवर, म्हणजे वर्षभराचा पगार आणि कापलेला टॅक्स दाखवणाऱ्या कंपनीच्या फॉर्मवर. १७व्या रकान्यात कापलेला टॅक्स दिसतो आणि लोक तोच आकडा क्रेडिटसाठी टाकतात. कापले ७,००० आणि आयटी-२०३ वर प्रत्यक्ष टॅक्स निघाला ६,००० डॉलर, तर १,००० तुम्हाला न्यूयॉर्ककडून परत मिळणारच आहेत. त्यावर जर्सी क्रेडिट कसं देईल? म्हणून आधी न्यूयॉर्कचा रिटर्न पुरा करा, मगच जर्सीचा एनजे-१०४० आणि त्यासोबतचं एनजे-सीओजे हे परिशिष्ट हातात घ्या. दुरुस्तीचा रिटर्न भरलात तर दोन्हीकडे.

यातूनच दुसऱ्या दाव्याचं उत्तर मिळतं. जर्सीचा रिटर्न भरलाच नाही तर क्रेडिट मागणार कुठे? शिवाय बँकेचं व्याज आणि जोडीदाराचा जर्सीतला पगार यांवर जर्सीचा टॅक्स लागतोच. न्यूयॉर्क शहराचा वेगळा टॅक्स मात्र बाहेरून येणाऱ्यांना १९९९ पासून नाही, तेवढी काळजी सोडा.

घरून काम करण्याबद्दलचा सल्ला सगळ्यात धोक्याचा. ऑफिस न्यूयॉर्कमध्ये आणि तुम्ही स्वतःच्या सोयीने जर्सीतल्या एडिसनच्या घरून काम करत असाल, तर न्यूयॉर्क ते दिवस आपलेच धरतं. कंपनीच्या गरजेपोटी बाहेर केलेलं काम वेगळं: टेक्सासमध्ये क्लायंटकडे काढलेले दिवस वगळता येतात, फक्त प्रवासाची कागदपत्रं जपून ठेवा. सोयीच्या नियमाखाली न्यूयॉर्कला गेलेल्या टॅक्सचंही क्रेडिट जर्सी देते. २०२३ मध्ये जर्सीने असाच नियम स्वतःही केला. असा नियम असलेल्या राज्यांतल्या रहिवाशांना तो लागू होतो.

पेनसिल्व्हेनियाचं गणित निराळं. त्या राज्याशी जर्सीचा करार असल्याने पगारावर फक्त राहत्या राज्याचा टॅक्स लागतो. फिलाडेल्फिया शहराचा वेतन-टॅक्स तेवढा वेगळा, आणि त्याचं क्रेडिट जर्सीत मिळतं.

पुण्यातल्या फ्लॅटच्या भाड्यावर भारतात भरलेल्या टॅक्सचं क्रेडिट मात्र फेडरल रिटर्नमध्येच मागा. जर्सी परदेशी टॅक्सचं क्रेडिट देत नाही.