मेन स्टँड येत नाही, सर

गाडी घ्यायला गेल्यावर माणूस सगळं विचारतो. ॲव्हरेज किती, सर्व्हिसिंग कधी, एबीएस सिंगल का ड्युअल, ब्लूटूथ जोडलं तर मीटरवर कोणाचा फोन आलाय ते दिसतं का. पण ही गाडी उभी कशी राहणार हे कोणी विचारत नाही. खरं बघितलं तर आपल्यासारख्या ऑफिसला जाणाऱ्या माणसाची बाईक दिवसातला बहुतेक वेळ उभीच असते, ऑफिसच्या पार्किंगमध्ये नाहीतर सोसायटीच्या, चालते ती तास-दीड तास, आणि आपण चौकशी सगळी त्या तास-दीड तासाची करतो.

मी विचारलं, पण डिलिव्हरीच्या दिवशी, हार घालून फोटो काढून झाल्यावर. शोरूममधला पोरगा म्हणाला, "मेन स्टँड येत नाही, सर." म्हणजे अगदी अभिमानाने म्हणाला. हे स्पोर्टी आहे, टूरिंग आहे, वजन वाढतं, ग्राउंड क्लिअरन्स कमी होतो, वळणावर खाली घासतो. यातलं एकही वाक्य खोटं नाही. काही गाड्यांना सायलेन्सरचा डबाच इंजिनखाली असतो, तिथे मेन स्टँड, म्हणजे गाडीखालचा तो दोन पायांचा डबल स्टँड, बसवायला जागाच नसते, हेही खरं. पण लाखांच्या घरातली वस्तू घ्यायची आणि ती सरळ उभी करायला ॲक्सेसरी म्हणून वेगळे पैसे मोजायचे, हे आमच्या बाबांना समजावून सांगायचं होतं आणि ते काम त्या पोराचं नव्हतं, माझं होतं.

बाबांची पिढी मेन स्टँडची. त्यांच्याकडे चेतक होती. चेतक कंपनीतून यायची ती मेन स्टँडवर, साइड स्टँड लोक नंतर बाहेरून बसवून घ्यायचे, आणि बाबांनी तो कधीच बसवला नाही कारण त्यांच्या मते साइड स्टँड हा आळशी माणसाचा उद्योग. पेट्रोल गळतं, जागा जास्त खातो, आणि मुख्य म्हणजे दिसायला बरं दिसत नाही. आमच्या जुन्या वाड्यात दारावर पाटीच होती, "दुचाकी डबल स्टँडलाच लावावी, अन्यथा हवा सोडण्यात येईल." आणि सोडायचेही. त्यामुळे नवीन गाडी घरी आली तेव्हा बाबांनी रंग बघितला नाही, मीटर बघितला नाही, खाली वाकून बघितलं. मग म्हणाले, "अरे, अर्धीच दिली की काय?"

तर माझी खरी अडचण मेन स्टँड नव्हतीच. माझी उंची पाच फूट चार इंच आणि गाडी ही आजकालची उंच, लांब पल्ल्याची म्हणतात तसली. सिग्नलला दोन्ही पायांचे अंगठे तेवढे टेकायचे, तेही रस्ता सपाट असेल तर. म्हणून मेकॅनिककडून मागच्या मोनोशॉकची (म्हणजे मागच्या एकुलत्या शॉक ॲब्सॉर्बरची) लिंक बदलून घेतली, पुढचे फोर्क क्लॅम्पमध्ये थोडे वर सरकवले, गाडी दीडएक इंच खाली आली, पाय टेकले, आनंदीआनंद. आता इथे शाळेतलं विज्ञान लागतं. साइड स्टँडवरची गाडी म्हणजे तिपाई, दोन टायर आणि तिसरा तो स्टँड. गाडीचा भार या तिन्हीच्या मधे पडतोय तोवर ती उभी. गाडी खाली आली पण स्टँड आहे तेवढाच राहिला, म्हणजे गाडीच्या मानाने तो आता लांब झाला, म्हणजे गाडी डावीकडे झुकायच्या ऐवजी जवळजवळ ताठ उभी राहायला लागली. बघणाऱ्याला वाटावं किती रुबाबात उभी आहे. मांजर सीटवरून उडी मारून गेलं तरी उजवीकडे आडवी होईल अशी परिस्थिती, आणि आमच्या पार्किंगचा उतार, पाणी वाहून जावं म्हणून, नेमका उजवीकडेच आणि उजवीकडे कुलकर्णी काकूंची नवी कोरी स्कूटर.

म्हणजे साइड स्टँड कापणं आलं.

किती कापायचा हे काढायची एक छान पद्धत आहे, मेकॅनिकने दाखवली. प्लायवूडचे तुकडे घ्यायचे, बारा एमएमचे, अठरा एमएमचे, आणि दोन्ही टायरखाली सारखे सारखे घालत जायचं. गाडी वर चढत जाते तशी स्टँडवर जास्त जास्त झुकते. झुकाव मनासारखा आला की खालच्या प्लायची जाडी मोजायची, साधारण तेवढं कापायचं. सोपं आहे. फक्त हा प्रयोग सोसायटीच्या पार्किंगमध्ये रविवारी सकाळी करू नये. मी खाली बसून टायरखाली प्लाय सरकवतोय आणि वर चार जणांची कमिटी, एक म्हणतोय अजून झुकवा, एक म्हणतोय झुकली जास्त, आणि एक आजोबा ज्यांनी आयुष्यात सायकलच चालवली ते म्हणतायत मूळ मुद्दा हवेचा आहे, हवा चेक केली का.

कापायचा म्हणजे आधी काढायचा, आणि स्टँड काढायचा म्हणजे स्प्रिंग. ती स्प्रिंग ज्याने हाताने काढली-घातली त्याला मी मानतो. काय ताण असतो! असणारच, कारण ती एकच स्प्रिंग स्टँड खाली असला की खाली धरून ठेवते आणि वर केला की वर, मधल्या बोल्टच्या या अंगाला की त्या अंगाला एवढाच फरक. स्क्रू ड्रायव्हरने ओढायला गेलं की निसटून कुठे जाईल सांगता येत नाही, समोर डोळा असेल तर डोळ्यात. आमच्या मेकॅनिकची युक्ती बघण्यासारखी होती. त्याने स्टँड अर्ध्यात आणून स्प्रिंग जास्तीत जास्त ताणली आणि तिच्या वेढ्यांच्या फटीत एकेक करून नाणी सरकवली. चार आण्यांची. सगळ्या फटी भरल्यावर स्प्रिंगला आखडताच येईना, मग ती हुकमधून हाताने अलगद काढली. २०११ साली सरकारने चार आणे चलनातून बंद केले, पण त्याच्याकडे डबाभर आहेत आणि तो ते कोणाला देत नाही. रुपया जाड पडतो म्हणाला.

हल्ली त्यात सेन्सरची भर. प्रदूषणाचे बीएस-६ नियम आले २०२० मध्ये, त्याच्या आगेमागे बऱ्याच गाड्यांना हे आलं की साइड स्टँड खाली असताना गिअर टाकला की इंजिन बंद. चांगली सोय आहे, कारण स्टँड खाली राहिला आणि डावीकडे वळलात तर तो रस्त्याला टेकतो आणि गाडी तुम्हाला फेकून देते, गंमत नाही. पण या सेन्सरने आपल्या रस्त्यावरची एक जुनी समाजसेवा मोडीत काढली त्याचं मला वाईट वाटतं. पूर्वी स्टँड वर करायचा राहिला की अख्खं शहर कामाला लागायचं. मागून येणारा हॉर्न मारणार, समोरून येणारा मनगट खालीवर हलवून दाखवणार, रिक्षावाला अर्धा बाहेर येऊन "ओ, स्टँड!", बसच्या खिडकीतून एखाद्या मावशी, "अहो दादा, घोडा वर घ्या!" ज्या शहरात पत्ता विचारला तर लोक आधी तुमच्याकडे आपादमस्तक बघतात तिथे हे चालायचं. आता गाडी स्वतःच बंद पडते, कोणाला कोणाशी बोलायची गरज उरली नाही. फक्त पावसाळ्यात त्या स्विचमध्ये चिखल गेला की स्टँड वर असूनही तिला तो खाली वाटतो आणि ती भर चौकात बंद पडते, मग लोक बोलतात, पण वेगळं बोलतात.

स्टँड घेऊन मी फॅब्रिकेशनवाल्याकडे गेलो. काढूनच न्यायचा, गाडीला लावलेला असताना वेल्डिंग मारू म्हणणारा भेटला तर हात जोडून निघायचं, तो करंट गाडीच्या ईसीयूत, म्हणजे इंजिन चालवणाऱ्या कॉम्प्युटरमध्ये, शिरला तर स्टँड राहील बाजूला. याचा मूळ धंदा खिडक्यांच्या ग्रिलचा. त्याने काम चोख केलं, ते मान्य करायला पाहिजे. खालचा पंजा तसाच ठेवला, मधे कापलं, आतून भरीव सळीचा तुकडा घातला आणि वरून टाका मारला, म्हणजे नुसत्या वेल्डिंगवर भार नको. पण मग सवयीने त्यावर ग्रिलचा उरलेला रेड ऑक्साइड फासला. काळी गाडी आणि एक पाय विटकरी. वर विचारतो, "डिझाइन काही टाकायचं होतं का साहेब?"

तो स्टँड मस्त बसला, गाडी छान झुकली, आणि आम्ही कोकणात गेलो. जूनचा शेवट. दापोलीजवळच्या ज्या घरी उतरलो तिथलं अंगण लाल मातीचं, वर दोन दिवसांचा पाऊस. स्टँड लावला, बॅगा काढेपर्यंत पंजा मातीत निम्मा गेलेला आणि गाडी हळूहळू नमस्काराला वाकत होती. चपटा दगड शोधला तर जांभ्याचे सगळे ओबडधोबड. कौलाचा तुकडा घातला, तो कट्कन मोडला. शेवटी घरातल्या वहिनी आतून एक जुना पाट घेऊन आल्या. दोन रात्री आमची गाडी जावयासारखी पाटावर होती. येताना दाभोळ-धोपावे फेरीबोटीवर तर ओला लोखंडी डेक, तिथे पाटही नाही, गाडी पहिल्या गिअरमध्ये टाकून तिच्यावर बसून राहिलो आणि बायको निवांत कठड्याला टेकून खाडी बघत होती.

परत आल्याआल्या साइड स्टँडच्या पंजाखाली लावायची रुंद प्लेट मागवली. ॲल्युमिनियमची, सीएनसी केलेली, दिसायला देखणी. मातीत आता रुतत नाही. पण प्लेटला जाडी असते, आणि ती जाडी स्टँडच्या लांबीत मिळवली जाते, आणि गाडी पुन्हा ताठ. ग्रिलवाल्याने जेवढं काढलं त्यातलं बरंचसं मी पैसे देऊन परत बसवलं होतं. पुन्हा गेलो त्याच्याकडे. त्याने काही विचारलं नाही, ब्रशच आधी हातात घेतला.

एवढं झाल्यावर कोणीही शहाणा माणूस म्हणेल की मेन स्टँडच बसव ना बाबा. बाबा रोज म्हणतच होते. शिवाय चेनचा प्रश्न होताच. पाचशे-सातशे किलोमीटरला चेन साफ करून लूब मारायचं, आणि त्यासाठी मागचं चाक अधांतरी फिरायला हवं. मेन स्टँड नसेल तर गाडी वीतभर ढकला, तेवढ्या चेनवर स्प्रे मारा, परत वीतभर ढकला, अशी पार्किंगमध्ये वारी. (इंजिन चालू ठेवून, गिअर टाकून, फिरत्या चेनला फडकं लावणारे वीर असतात. त्यांची बोटं मोजून बघा.) मागचं चाक उचलून धरणारा सुटा पॅडॉक स्टँड मिळतो, पण तो घरी राहतो, आणि फ्लॅटमध्ये तो ठेवायचा कुठे यावर आमच्याकडे चर्चा झाली आणि ती लगेच संपली.

नाना पेठेत गाडीच्या मॉडेलचा मेन स्टँड मिळाला, बसवलाही. बसवणारा पोरगा म्हणाला, "ट्राय करा साहेब." पद्धत मला माहीत आहे, बाबांनी दहावीतच शिकवली होती. डावा हात हँडलला, उजवा हात मागच्या दांडीला, उजवा पाय स्टँडच्या खुंटीवर, आधी गाडी सरळ करून स्टँडचे दोन्ही पाय जमिनीला टेकलेले पायाला जाणवले पाहिजेत, आणि मग उचलायची नाही, अंगाचं सगळं वजन पायावर द्यायचं. गाडी आपसूक मागे आणि वर जाते. स्प्लेंडर ११२ किलोची, ती शेंबडं पोर लावतं. क्लासिक ३५० चांगली १९५ किलोची, तीही या पद्धतीने पासष्ट वर्षांचे लोक लुंगीवर लावताना मी बघितलेत. माझी जागची हलेना. मी खुंटीवर उभा, दोन्ही पाय जमिनीपासून वर, आणि गाडी माझ्याकडे बघतेय.

कारण तेच, दीड इंच. मेन स्टँडची लांबी मूळ उंचीच्या हिशोबाने केलेली. गाडी खाली बसल्यामुळे ती आता तेवढी जास्त वर उचलावी लागणार. यावर उपाय एकच, मागच्या चाकाखाली फळी घालायची, चाक फळीवर चढवायचं आणि मग स्टँड लावायचा, लागतो. बाबा आले, फळीवरून एका झटक्यात लावून दाखवला, सपाता घालून, आणि हात झटकत वर गेले. तेव्हापासून गाडीच्या उजव्या पॅनिअरमध्ये, म्हणजे बाजूला लावलेल्या सामानाच्या पेटीत, रेनकोट, पंक्चर किट आणि एक सागाची फळी असते. मेन स्टँडही कापून घ्या म्हणून ग्रिलवाला मागे लागलाय. विचार चालू आहे.

परवा साताऱ्याकडे जाताना शिरवळच्या पुढे मागचं चाक बसलं. पंक्चरवाल्या काकांचं दुकान शंभर पावलांवर, मला तर आनंदच झाला, म्हटलं आता या सगळ्याचं सार्थक होणार. काका म्हणाले, "ऱ्हाऊ द्या सायेब, ट्यूबलेस हाय, साइड स्टँडवरच हुतंय." म्हटलं नाही नाही, थांबा, मेन स्टँड आहे. फळी काढली, चाक चढवलं, खुंटीवर उभा राहिलो, नाही. परत, नाही. हवा गेलेला टायर म्हणजे गाडी अजून खाली, हे फळीच्या हिशोबात धरलेलं नव्हतं. काका शांतपणे तंबाखू मळत बघत होते. मळून झाल्यावर म्हणाले, "जरा फुडं ढकला." हातभर ढकलली, खिळा फिरून समोर आला, पकडीने ओढला, रबराची वात घातली, हवा भरली. गाडी साइड स्टँडवर, विटकरी पायावर, मस्त झुकून उभी. पैसे घेतले आणि मी पॅनिअर बंद करत होतो तेवढ्यात म्हणाले, "ती फळी देता का? कंप्रेसर लय हालतोय आमचा."