न्यूरोएंडोक्राइन ट्यूमर मेंदूचा नसतो, आणि निदान म्हणजे वर्षभराची मुदतही नसते

व्हॉट्सॲपवर एक संदेश पुन्हा पुन्हा फिरतो: "इरफान खान आणि स्टीव्ह जॉब्स यांना झालेला न्यूरोएंडोक्राइन ट्यूमर हा मेंदूच्या नसांचा कॅन्सर. एवढा पैसा असून दोघं वाचले नाहीत. निदान झालं की फार तर वर्ष. ऑपरेशनच्या फंदात पडू नका, आहार सांभाळा." शेवटचं वाक्य वाचून कुणी खरंच उपचार टाळेल, म्हणून हे लिहितो आहे.

मेंदूचं आधी. 'न्यूरो' म्हटलं की दरवेळी मेंदूच असं नाही, हे इरफान यांनीच मार्च २०१८मध्ये आजार जाहीर करताना सांगितलं होतं. संप्रेरकं बनवणाऱ्या पेशी जठर, आतडी, अपेंडिक्स, स्वादुपिंड अशा ठिकाणी विखुरलेल्या असतात. या गाठी त्यांच्यातून होतात. काही गाठी सेरोटोनिन किंवा इन्सुलिन रक्तात सोडतात. मग चेहरा एकाएकी लाल होतो, जुलाब थांबत नाहीत, साखर घसरून घेरी येते. बऱ्याच गाठी मात्र गप्प राहतात, आणि माणूस वर्षानुवर्षं पोटाची साधी औषधं घेत बसतो.

'फार तर वर्ष' कुठून आलं? अमेरिकेतल्या कर्करोग नोंदींवरचा मोठा अभ्यास २०१७मध्ये आला. त्यात शरीरात कुठेही झालेल्या या गाठींचे सगळे रुग्ण धरून निम्मे ९.३ वर्षांहून जास्त जगले. गाठ मूळ जागीच असलेल्यांत हाच आकडा ३० वर्षांपुढे. दूर पसरलेल्या, पण सावकाश वाढणाऱ्या (ग्रेड १-२च्या) गाठींतही लहान आतड्यासाठी तो १०३ महिने, मोठ्या आतड्यासाठी फक्त १४. इतका फरक असताना सगळ्यांना एकच मुदत कशी सांगता येईल? ग्रेड कळायला बायोप्सीच्या रिपोर्टवर 'केआय-६७' (Ki-67) शोधा, म्हणजे किती टक्के पेशी वाढीला लागल्या आहेत तो आकडा: ३ टक्क्यांखाली ग्रेड १, २०पर्यंत ग्रेड २, त्यावर ग्रेड ३. ग्रेड ३मध्येही पेशींचं रूप पार बिघडलेला कार्सिनोमा हा वेगळा, झपाट्याने वाढणारा आजार. तिथे भीती खरी आहे.

जॉब्स यांचं उदाहरण तर संदेशाच्याच विरुद्ध जातं. ऑक्टोबर २००३मध्ये निदान झालं. नऊ महिने त्यांनी आहार आणि पर्यायी उपचार केले, शेवटी जुलै २००४मध्ये ऑपरेशन करावंच लागलं. त्या विलंबानेच जीव गेला असं मी म्हणणार नाही, पण आहाराने गाठ विरली नाही एवढं उघड आहे. पुढे २००९मध्ये यकृत प्रत्यारोपण, ऑक्टोबर २०११मध्ये मृत्यू. निदानानंतर आठ वर्षं.

आहाराचा संबंध येतो तो चाचणीपुरता. सेरोटोनिनसाठी २४ तासांची लघवी तपासण्याआधी केळी, अननस, अक्रोड बंद करायला सांगतात, कारण त्यांनी आकडा खोटा वाढतो.

गाठ वेळेत पूर्ण काढता आली तर आजार बरा होऊ शकतो. पसरली असेल तर ऑक्ट्रिओटाइड, लॅनरिओटाइडची इंजेक्शनं वाढ रोखून धरतात. ल्युटेशियम-१७७ हे किरणोत्सर्गी मूलद्रव्य जोडलेलं औषध थेट गाठीच्या पेशींना चिकटून किरणोत्सर्ग देतं. २०१७मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत ते घेणाऱ्या सुमारे ६५ टक्के रुग्णांचा आजार २० महिन्यांनंतरही वाढला नव्हता. तुलनेच्या गटात हे प्रमाण ११ टक्के. हे ल्युटेशियम मुंबईतच, तुर्भ्याच्या (ट्रॉम्बे) ध्रुव अणुभट्टीत तयार होतं, आणि परळमध्ये रुग्णांना दिलं जातं.