“विश्वास पक्का असेल तर नैराश्य येत नाही” : हा दावा पवित्र शास्त्राला (बायबलला) धरून नाही

ख्रिस्ती मंडळ्यांच्या (चर्चच्या) व्हॉट्सॲप गटांतून एक संदेश सतत फिरत असतो. त्याचा आशय असा : नैराश्य हा आजार नसून विश्वासाचा अभाव आहे, ‘चिंता करू नका’ अशी शास्त्राची आज्ञा असल्यामुळे चिंता करणे हे पाप आहे, आणि मनाच्या आजारासाठी गोळ्या घेणारा देवापेक्षा डॉक्टरवर अधिक भरवसा ठेवतो. तो पुढे पाठवणाऱ्यांचा हेतू वाईट असतो असे मी म्हणत नाही. पण त्याने होणारी इजा मी जवळून पाहिली आहे, आणि प्रार्थनेवर माझा विश्वास आहे म्हणूनच हे लिहीत आहे.

पहिला मुद्दा, विश्वासू माणसाला नैराश्य येत नाही हा. बायबलमधील ‘1 राजे’ या पुस्तकाचा 19 वा अध्याय उघडावा. कर्मेल डोंगरावर संदेष्टा एलिया याच्या प्रार्थनेला स्वर्गातून अग्नीने उत्तर मिळाले, त्याहून मोठा विश्वास कोणता दाखवायचा? त्यानंतर लगेचच राणी ईजबेलीच्या धमकीने तो जीव घेऊन रानात पळतो, रतामाच्या झुडपाखाली बसतो आणि देवाकडे मरण मागतो. येथे देवाने काय केले हे सावकाश वाचण्यासारखे आहे. त्याने एलियाला फटकारले नाही, त्याचे पाप शोधले नाही. एलिया झोपला, देवदूताने त्याला स्पर्श करून उठवले. उशाशी निखाऱ्यांवर भाजलेली भाकर आणि पाण्याचा घडा होता. तो जेवला, पुन्हा झोपला, आणि देवदूताने त्याला दुसऱ्यांदा उठवून खाऊ घातले, कारण पुढची वाट त्याच्या शक्तीबाहेरची होती. प्रश्न विचारले गेले ते नंतर, होरेब डोंगरावर, आणि त्याच भेटीत त्याला अलीशासारखा सोबतीही दाखवून दिला गेला. झोप, स्पर्श, अन्न, सोबत : खचलेल्या संदेष्ट्यावर देवाने केलेला उपचार या क्रमाने आहे, आणि आपण मात्र उपदेशापासून सुरुवात करतो.

स्तोत्र 88 तर अंधारातच संपते, शेवटी आशेची एक ओळही जोडलेली नाही, तरीही ते प्रार्थना म्हणूनच शास्त्रात राहिले आहे. गेथशेमाने बागेत प्रभू येशूने स्वतः आपला जीव मरणप्राय खिन्न झाल्याचे शिष्यांना सांगितले आणि त्यांना जागे राहून सोबत करायला विनवले. त्या रात्री प्रभूचा विश्वास कमी पडला, असे हा संदेश पाठवणारा कोणी म्हणेल काय?

दुसरा मुद्दा चिंतेचा. फिलिप्पैकरांस पत्रातले ‘चिंता करू नका’ हे वचन प्रेषित पौलाचे आहे हे खरे. परंतु तोच पौल करिंथकरांना लिहितो की सर्व मंडळ्यांची चिंता त्याच्यावर रोज असते, आणि मूळ ग्रीकमध्ये दोन्हीकडे एकाच धातूचे शब्द आहेत. आसियातील संकटात आपल्याला जगण्याचीही आशा उरली नव्हती, हेही तो लपवत नाही. म्हणजे ‘चिंता करू नका’ हे शब्द चिंतेने पोळलेल्या माणसाने दिलेला धीर आहे. ते आरोपपत्र म्हणून वाचणे पौलावर अन्याय करणारे आहे.

तिसरा मुद्दा, गोळ्यांचा, सर्वांत घातक आहे. पौलाचा सोबती लूक वैद्य होता, आणि तरुण सहकारी तीमथ्य याच्या पोटाच्या दुखण्यासाठी पौलाने त्याला थोडा द्राक्षारस घ्यायला सांगितले होते. मधुमेहाच्या इन्सुलिनला आपण अविश्वास म्हणत नाही. मिरजेत मिशनने दवाखाना उभारला तो प्रार्थना अपुरी पडते म्हणून नव्हे.

आमच्या ओळखीच्या एक ताई गोळ्यांची पट्टी चष्म्याच्या घरात लपवून ठेवत. एका प्रार्थनासभेत ‘विश्वास असेल तर आजच सोडा’ असे आवाहन झाले आणि त्यांनी त्याच रात्री गोळ्या सोडल्या. अशी औषधे एकदम बंद केली की चक्कर, निद्रानाश, जिवाची घालमेल होऊ शकते. ती डॉक्टरांच्या सल्ल्याने हळूहळूच कमी करायची असतात. हे त्यांना कोणी सांगितले नव्हते. त्या उपासनेला येईनाशा झाल्या, तेव्हा ‘विश्वासात थंड पडल्या’ असे बोलले गेले.

‘अमुक जण केवळ प्रार्थनेने बरे झाले’ ही साक्षही पुढे केली जाते. मी ती नाकारत नाही. 1907 मध्ये भारतात आलेले मिशनरी ई. स्टॅन्ली जोन्स काही वर्षांतच मनाने व शरीराने पार खचले होते, आणि लखनौमध्ये प्रार्थना करताना आपल्याला आरोग्य लाभले असे ते सांगत. पण त्याच जोन्स यांनी 1950 मध्ये लखनौला नूर मंझिल हे मनोरुग्णालय सुरू केले. स्वतः प्रार्थनेने सावरलेल्या माणसाला दुसऱ्यांसाठी मनोविकारतज्ज्ञ बोलावणे अविश्वासाचे वाटले नाही.

प्रत्येक उदासीला गोळी लागते असेही नाही. कधी समुपदेशन पुरते, कधी थायरॉइडची तपासणी करून कारण सापडते. ते ठरवणे डॉक्टरांचे काम आहे. आणि जीव नकोसा झाल्याचे कोणी बोलले, तर वचन पाठवून थांबू नये. त्या माणसाजवळ थांबावे आणि सरकारच्या टेलिमानस या मानसिक आरोग्य सेवेचा 14416 हा मोफत क्रमांक लावून द्यावा.

त्या ताईंबरोबर पुढच्या तपासणीला मंडळीतल्याच एक वयस्क बाई गेल्या. त्यांनी केसपेपर काढला, डबा नेला, दोन तास रांगेत बसल्या, आणि प्रार्थना त्यांनी तिथेच बाकावर, ताईंचा हात धरून, हळू आवाजात केली.