एकत्र की विभक्त, एवढंच विचारून भागत नाही

गणपती जवळ आले की आमच्या नातेवाइकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर तोच मेसेज फिरायला लागतो. पूर्वी एका छपराखाली वीस माणसं नांदायची, आता फ्लॅटमध्ये तिघं-चौघं, म्हणून संस्कार गेले वगैरे. मला हे अजिबात पटत नाही.

कॉलेजात आपण कुटुंबाचे मुख्य प्रकार दोनच शिकतो. मानववंशशास्त्रज्ञ इरावती कर्वे यांनी 1953 मध्ये एकत्र कुटुंबाच्या खुणा सांगितल्या: एक छप्पर, एक चूल, सामाईक मालमत्ता, एकत्र देवधर्म. आता या खुणा लावून आमचं रत्नागिरीकडचं घर कशात बसवायचं? आजोबा परळला गिरणीत. गाववाल्यांबरोबर एका खोलीत राहायचे, पाळीप्रमाणे झोपायचे, खाणावळीत जेवायचे. आजी गावाला, सासू-सासरे, दीर आणि पोरं घेऊन. नवरा-बायकोची गाठ गणपतीला नाहीतर शिमग्याला. कोकणातली कितीतरी घरं अशीच दोन ठिकाणी विभागलेली होती, मनीऑर्डरवर चाललेली.

आजी पावसाआधी भाजावळ करायची, म्हणजे भाताच्या रोपांसाठी जमीन भाजायची, मग लावणी, शिवाय दोन म्हशी आणि अंथरुणाला खिळलेली सासू. पोस्टमन आला की फॉर्मवर अंगठा उठवायचा आणि खालच्या कागदावरच्या दोन ओळी त्याच्याकडूनच वाचून घ्यायच्या. पण म्हैस विकायची झाली तर आधी मुंबईला पत्र जायचं आणि उत्तर येईपर्यंत गिऱ्हाइकाला थोपवून धरायचं. सगळं घर तिच्या जिवावर, आणि कुटुंबप्रमुख आजोबा. सातबाऱ्यावर तिचं नाव लागलं ते आजोबा गेल्यावर, वारस म्हणून, मुलांच्या नावांसोबत.

मुंबईतही या माणसांना जेवू घालणाऱ्या बायकाच होत्या. गिरणगावातल्या खाणावळवाल्या. घरी जे काम फुकट होतं तेच त्या पैसे घेऊन करत होत्या, तरी त्यांना बँक दारात उभी करत नव्हती, सावकाराशिवाय गत्यंतर नव्हतं. प्रेमा पुरव यांनी 1975 मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळ काढलं, तेव्हा या बायकांना बँकेचं कर्ज मिळायला लागलं. गिरणगावाचा इतिहास सांगताना संप आणि पुढारी आठवतात, या बायका फार कमी जणांना आठवतात. याचं मला मनापासून वाईट वाटतं.

समाजशास्त्रज्ञ आय. पी. देसाई यांनी गुजरातमधल्या महुव्यात पाहणी केली, तेव्हा त्यांना चुली वेगळ्या झालेली घरंही मालमत्तेनं आणि कर्तव्यांनी एकमेकांना बांधलेली दिसली. म्हणजे नुसत्या चुली मोजून काही कळत नाही. त्या चुलीपुढे कोण बसतं आणि निर्णय कोण घेतं, हे बघायला हवं. 2019 च्या सरकारी वेळ-वापर पाहणीत घरकाम करणाऱ्या बायकांचा दिवसाचा सरासरी वेळ 299 मिनिटं निघाला, पुरुषांचा 97. तोही जे पुरुष घरकाम करतात त्यांचाच, आणि असे पुरुष शंभरात जेमतेम 26. एकत्र कुटुंबाचे गोडवे गाणाऱ्यांनी हे आकडे एकदा वाचावेत. विभक्त झाल्याचा आनंद मानणाऱ्यांनीही वाचावेत, कारण घर लहान झालं म्हणून कामाची वाटणी आपोआप बदलत नाही.

2013 च्या अन्नसुरक्षा कायद्यानं रेशनकार्डासाठी घरातल्या सर्वांत मोठ्या सज्ञान बाईला कुटुंबप्रमुख मानलं. मला हा बदल फार मोलाचा वाटतो. माझ्या आजीला तो बघायला मिळाला नाही.

हे आत्ताच लिहिण्याचं कारणही सांगते. आमच्या एका काकांचं खुब्याचं ऑपरेशन झालंय, तीन महिने घरी कुणीतरी लागणार. ग्रुपवर सगळ्यांनी एकमुखानं नाव सुचवलं ते विरारच्या सुनेचं. ती रोज लोकलनं चर्चगेटला नोकरीला जाते. तिला कुणी विचारलेलंही नाही. काकांना दोन मुलगे आहेत, दोघंही नोकरीत कायम, दोघांच्याही रजा शिल्लक. आधी त्यांना विचारूया.