इंजिन परत करायच्या आधी अर्थिंगची पट्टी बघा

गेल्या पावसाळ्यापासून एक मेसेज फिरतोय, आधी सोसायटीच्या ग्रुपवर आला, मग कंपनीतल्या ग्रुपवर, आणि शेवटी आमच्या भावोजींनी मला पाठवला, खाली "बघ, मी म्हणत होतो ना". "सेकंडहँड इंजिन टाकताय? गॅरेजवाला हे सांगणार नाही" असा मथळा आणि खाली सहा मुद्दे. एक, बसवल्यावर गाडी चालू झाली नाही तर इंजिन डेड, लगेच परत करा. दोन, इंजिन बदललं की इमोबिलायझर (चोरीपासूनचं इलेक्ट्रॉनिक कुलूप) लॉक होतो, ईसीएम (इंजिनचा कॉम्प्युटर) नवीन टाकावाच लागतो. तीन, स्कॅनरवर (ईसीएमला जोडून बिघाड वाचायचं यंत्र) कोड नाही म्हणजे वायरिंग आणि सेन्सर ओके. चार, रेस वरखाली होत असेल तर ५०० किलोमीटर चालवा, आपोआप सेट होतं. पाच, सेल्फने उठत नसेल तर धक्का मारा नाहीतर ओढा. सहा, सेम मॉडेलचं इंजिन असेल तर आरटीओला कळवायची गरज नाही.

भावोजींची २०१२ ची पेट्रोल स्विफ्ट. जुलैत ठाण्यात वंदनापाशी पाणी भरलं होतं त्यात घातली, बंद पडली, आणि बंद पडल्यावर यांनी वर चार वेळा सेल्फ मारला. एअर फिल्टरमधून पाणी सिलिंडरमध्ये गेलं, आणि पाणी काय हवेसारखं दाबलं जात नाही, कनेक्टिंग रॉड वाकला. मग कुर्ल्याला सीएसटी रोडवरून सेकंडहँड इंजिन आणलं, कळव्याच्या एका गॅरेजात बसवलं, आणि गाडी उठेना. नेमका त्याच दिवशी हा मेसेज. मी गेलो तेव्हा इंजिन परत उतरवायचं नक्की झालं होतं, टेम्पोवाल्याशी भाव चालला होता. मी मेकॅनिक नाही, रबाळे एमआयडीसीत मेंटेनन्सला आहे, पण मल्टीमीटर कायम बॅगेत असतो.

तर पहिला मुद्दा, "चालू नाही म्हणजे डेड". अहो, इंजिन उतरवताना-चढवताना कमीत कमी पंधरावीस कनेक्टर काढून परत लावलेले असतात, होज वेगळे, अर्थिंगच्या वायरी वेगळ्या, मग जिथे माणसाचा हात लागलाय तिथे आधी बघायचं का जिथे लागलाच नाही तिथे? भावोजींच्या गाडीचा सेल्फ टक-टक करून दमल्यासारखा फिरायचा. बॅटरी नुसती मोजली तर १२.६ व्होल्ट, म्हणजे फुल. मग मीटरची एक वायर बॅटरीच्या निगेटिव्हला, दुसरी थेट इंजिनच्या ब्लॉकला लावली आणि सेल्फ मारायला सांगितला. तिथे फार तर पाव-अर्धा व्होल्ट दिसायला पाहिजे, दिसले अडीच! इंजिन आणि बॉडीमधली अर्थिंगची पट्टी लावलीच नव्हती, जुन्या इंजिनला तशीच लटकत कोपऱ्यात पडलेली. अशा वेळी करंट परत यायला दुसरी वाट शोधतो, क्लचच्या नाहीतर गिअरच्या केबलमधून जातो, ती केबल हाताला गरम लागते. आमच्याकडे लागली. क्लच केबल का तापतेय यावर गॅरेजमधल्या पोराची एक वेगळीच थिअरी होती, ती असो.

पट्टी लावली तर सेल्फ एकदम खणखणीत, पण गाडी तरी उठली नाही, हे पण सांगतो, नाहीतर म्हणाल एका वायरीत सगळं झालं. गॅरेजवाल्याने आदल्या दिवशी कंप्रेशन, म्हणजे सिलिंडरमध्ये हवा किती दाबली जाते ते, तपासलेलं, चारही सिलिंडर ११०च्या आसपास, त्यावरूनच "गेलेलं आहे" हा निकाल. पेट्रोल इंजिनला साधारण १५० ते २०० पीएसआय यायला हवं, त्यामुळे ११० ऐकून कोणाचाही धीर सुटेल. पण ते मोजलं कसं होतं? सेल्फ दमलेला, थ्रॉटल (हवा आत सोडणारी झडप) बंद, एकच प्लग काढलेला. बरोबर पद्धत म्हणजे चारही प्लग बाहेर, इंजेक्टरचे कनेक्टर काढून पेट्रोल बंद, थ्रॉटल पूर्ण उघडं, बॅटरी चार्ज, आणि प्रत्येक सिलिंडरला पाचसहा झटके. शिवाय सारखा सेल्फ मारून न जळलेल्या पेट्रोलने सिलिंडरच्या आतल्या भिंतीवरचं ऑइल धुतलं जातं, आणि महिनोन्महिने पडून असलेल्या इंजिनच्या पिस्टनवरच्या रिंगा तशाही कोरड्या असतात. प्रत्येक होलमधून चमचाभर ऑइल टाकलं, परत मोजलं, चारही १७०च्या वर.

ऑइल टाकून आकडा चढला तर गळती रिंगांकडून, नाही चढला तर व्हॉल्व्हकडून बघायचं. आणि त्या मेसेजवाल्याला हे कोणीतरी सांगा, की एकच सिलिंडर कमी असेल तर तिथे खरंच काहीतरी बिघाड असतो, पण चारही सारखेच कमी असतील तर आधी आपल्या मोजण्यावरच शंका घ्यायची, आणि मोजणं बरोबर निघालं तर टाइमिंग चेन (व्हॉल्व्ह वेळेवर उघडणारी साखळी) उडी मारून बसलीय का ते बघायचं. पडून राहून रिंगा नुसत्या कोरड्या पडल्या असतील आणि ऑइलमुळे ११० चे १७० होत असतील तर ते इंजिन डेड नाही, उपाशी आहे. (पडून राहिलेलं इंजिन चालू करायच्या आधी पेट्रोल बंद ठेवून ऑइलचा लाल दिवा जाईपर्यंत नुसता सेल्फ फिरवतात, म्हणजे ऑइल वरपर्यंत चढतं. हे पण कोणी केलं नव्हतं.)

ईसीएमचा मुद्दा वाचून तर मला हसूच आलं, कारण मेसेजमध्ये रोग म्हणून जे लिहिलंय ते त्यातल्याच औषधाने होतं. इमोबिलायझरचं बोलणं चालतं चावीतल्या चिपचं आणि ईसीएमचं, मारुतीत त्यालाच आयकॅट्स म्हणतात. इंजिनच्या ब्लॉकचा त्यात काही संबंध नाही. तुमची चावी, तुमचा ईसीएम तोच असेल तर नुसतं इंजिन बदलल्याने काहीही लॉक होत नाही. पण तुम्ही भंगारातल्या गाडीचा ईसीएम आणून लावलात तर मात्र त्याला तुमची चावी ओळखीची नसते, डॅशबोर्डवर चावीचा दिवा लुकलुकतो आणि गाडी खरंच उठत नाही. भावोजींना यासाठी वीस हजार सांगितले होते.

आता कोड नाही म्हणजे सगळं ओके, यावर. कोड म्हणजे ईसीएमने केलेली तक्रार, आणि त्याला जे कळतच नाही त्याची तो तक्रार काय करणार? काही कोड लागोपाठ दोन वेळा तीच चूक दिसल्याशिवाय लाईट पेटवत नाहीत, आणि आपली गाडी तर एकदाही चालू झालेली नसते. म्हणून कोडच्या यादीपेक्षा लाईव्ह डेटा बघायचा. सेल्फ फिरताना स्कॅनरवर आरपीएम २००-२५० च्या घरात दिसायला पाहिजे. आमच्याकडे शून्य! सेल्फ डोळ्यासमोर गरागरा फिरतोय आणि ईसीएमच्या मते इंजिन झोपलंय, मग तो स्पार्क पण देणार नाही आणि इंजेक्टर पण उघडणार नाही. क्रँक सेन्सर, म्हणजे इंजिन फिरतंय हे ईसीएमला सांगणारा. इंजिन उतरवताना त्याची वायर चिमटली होती, आतून तुटलेली, वरून इन्सुलेशन शाबूत. जुन्या इंजिनचा सेन्सर काढून लावला आणि तिसऱ्या सेल्फला गाडी उठली, रात्री पावणेदहाला, टेम्पोवाला कधीच निघून गेला होता.

याच्यातच एक, सेम सीसी म्हणजे सेम इंजिन नाही. जुन्या बॉडीच्या स्विफ्टमध्ये २०१० पासून आलेलं १,१९७ सीसीचं के सिरीज आणि २०११ च्या नव्या बॉडीतलं, दोन्ही शेजारी ठेवली तर जुळी भावंडं वाटतील, पण नव्यात व्हीव्हीटी, म्हणजे व्हॉल्व्हचं टाइमिंग पुढेमागे करणारी यंत्रणा, आहे. चुकीचं उचललंत तर तुमच्या हार्नेसचा (वायरींच्या जुडग्याचा) एक कनेक्टर लावायला जागाच नाही राहत. दुकानातच कनेक्टर मोजून घ्या.

पाचशे किलोमीटरच्या मुद्द्यात थोडंसं खरं आहे. बॅटरी काढली की ईसीएम आयडलचं शिकलेलं विसरतो, परत जमायला थोडा वेळ घेतो, पण थोडा म्हणजे एकदोन फेऱ्या, ५०० किलोमीटर नाही. रेस ८०० वरून १,५०० वर आणि परत खाली असे झोके घेत असेल तर बहुतेक वेळा कुठून तरी न मोजलेली हवा आत जातेय, मॅनिफोल्डचं (सिलिंडरला हवा वाटून देणारा भाग) जुनंच गॅस्केट परत लावलंय किंवा एखादा पाईप राहिलाय. मॅनिफोल्डवरून ब्रेक बूस्टरला जाणारा जाड पाईप तर आधी बघा, तो सुटला तर रेस वर जाईलच पण ब्रेक पण दगडासारखा होईल. आमचा निघाला पीसीव्हीचा (इंजिनातली वाफ परत मॅनिफोल्डला नेणारा) छोटा होज, लावला होता पण क्लिप नाही, बोटाने दाबला की रेस जाग्यावर. हे असंच ५०० किलोमीटर चालवलं असतं तर मिश्रण सगळा वेळ पातळ, त्यात कूलंटमधली हवा नीट काढलेली नसली तर गायमुखच्या चढावर ट्रॅफिकमध्ये काटा लाल, आणि मग इंजिन खरंच गेलं असतं आणि मेसेज खरा ठरला असता!

धक्का मारू नका. सेन्सर मेला असेल तर ओढत घोडबंदर पार केलंत तरी उठणार नाही, टाइमिंग चुकलं असेल तर व्हॉल्व्ह पिस्टनला भेटतील, आणि न जळलेलं पेट्रोल सायलेन्सरच्या कॅटमध्ये (धूर साफ करणारा भाग) जाऊन त्याची वाट लावेल ते वेगळंच.

राहिलं आरटीओ. मॉडेल सेम असलं तरी नंबर सेम नसतो ना, आणि आरसीवर जुनाच नंबर आहे. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ मध्ये इंजिन बदलल्याचं आरटीओला कळवून आरसीवर नोंद करायची तरतूद आहे. नाही केली तर उद्या गाडी विकताना अडेल, इन्शुरन्सच्या क्लेममध्ये सर्व्हेअर पहिला तोच नंबर बघेल, आणि देव न करो, ते इंजिन चोरीच्या गाडीतलं निघालं तर जबाब तुम्ही देणार. म्हणून पक्कं बिल घ्यायचं, त्यावर इंजिन नंबर लिहून घ्यायचा. भावोजींनी बिल आणलंय, नंबरही आहे, पण दुकानदाराच्या अक्षरात शेवटचा आकडा १ आहे का ७ ते कोणालाच कळत नाहीये, आणि इंजिन आता बसलेलं. रविवारी आम्ही दोघं टॉर्च आणि ताईच्या पर्समधला आरसा घेऊन बॉनेटमध्ये डोकं घालणार आहोत.