जखडलेले तारे, पण दगड नव्हेत

गेले काही दिवस सांगलीतल्या आम्हा विज्ञान शिक्षकांच्या मोबाईलवर एक मेसेज फिरतोय. म्हणणं असं: एकमेकांभोवती जवळून फिरणाऱ्या जोडताऱ्यांना एकमेकांच्या ओढीने जखडलेलं असतं, म्हणून ते दगडासारखे एकसंध फिरतात, आणि तारा दुर्बिणीतून नुसता ठिपका दिसतो, तेव्हा त्याच्यावरचे डाग कुठल्या अक्षांशावर किती वेगाने फिरतात हे सांगणं म्हणजे अंदाजपंचे दाहोदरसे. एकाने तर खाली लिहिलं, ‘सर, आता बोला.’

बोलतो. आधी ठिपक्याचं. तारा ठिपका दिसतो, कबूल. पण त्याच्या वर्णपटातल्या काळ्या रेषा फिरण्यामुळे रुंद होतात: आपल्याकडे येणाऱ्या कडेचा प्रकाश निळ्याकडे सरकतो, दूर जाणाऱ्या कडेचा तांबड्याकडे. डागाच्या जागी उजेड कमी, म्हणून रेषेच्या खळग्यात छोटासा उंचवटा येतो आणि तारा फिरेल तसा निळ्या बाजूकडून तांबड्या बाजूकडे जातो. विषुववृत्ताजवळच्या डागाचा उंचवटा रेषेची अख्खी रुंदी ओलांडतो. ध्रुवाजवळच्याचा मधल्या मध्ये घुटमळतो. अक्षांश निघतो तो इथून. 1983 साली व्होग्ट आणि पेनरॉड या खगोलशास्त्रज्ञांनी एचआर 1099 या जोडताऱ्यावरचे डाग याच रीतीने नकाशावर आणले. नुसत्या तेजाच्या चढउतारावरून मात्र अक्षांश धड कळत नाही. मेसेज लिहिणाऱ्याने बहुधा तेवढंच वाचलं असावं.

आता जखडण्याचं. फुगडीत दोघी एकमेकींकडे तोंड करून फिरतात, म्हणून त्यांच्या वेण्यांच्या सळया होत नाहीत. ओढीमुळे ताऱ्याची सरासरी फेरी कक्षेच्या फेरीशी जुळते, एवढंच. आतून वर उकळणारा वायू तरीही गती अक्षांशांत सारखी वाटू देत नाही. सूर्याचं विषुववृत्त सुमारे 25 दिवसांत फिरतं, ध्रुवाकडचा भाग 35 च्या आसपास. अक्षांशागणिक वेग बदलतो हे इंग्रज खगोलशास्त्रज्ञ कॅरिंग्टनने 1853 ते 1861 डाग मोजून दाखवलं. गच्चीवर लहान दुर्बिणीतून सूर्याची 15 सेंटिमीटरची प्रतिमा कागदावर पाडा (डोळा लावायचा नाही!). 10 आणि 30 अंशांवरचे दोन डाग सापडले तर दहा दिवसांत त्यांच्यात सहाएक अंशांचा फरक पडतो, कागदावर मधोमध सात-आठ मिलिमीटर. पट्टीने मोजता येतो.

मेसेजात एक कण खरा आहे: जोडीत हा फरक मंदावलेला दिसतो. सूर्याचं विषुववृत्त ध्रुवापेक्षा एक अख्खी फेरी पुढे जायला चारेक महिने घेतं. एचआर 1099 मधल्या डागाळलेल्या ताऱ्याला सुमारे 480 दिवस लागतात. त्याची एक फेरी 2.84 दिवसांची, म्हणजे दर फेरीला फरक जेमतेम दोन अंशांचा. तेवढ्यात डाग स्वतःच फुटतात, विरतात. त्यात 2.84 हा आकडा तीनच्या इतका जवळ, की एकाच वेधशाळेतून दर तीन रात्रींनी जवळजवळ तोच चेहरा समोर येतो. म्हणून वेगवेगळ्या खंडांवरच्या दुर्बिणी जोडून आठवडेच्या आठवडे त्याच्यावर पाळत ठेवावी लागली.